निःशस्त्र मुलूखगिरीचे नियम

ज्या सभ्य गृहस्थांना परमुलूख तर हवा असतो, परंतु तो घेताना हातास रक्त लागलेले मात्र खपत नाही, अशांची अडचण ओळखून ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळाच्या कर्त्यांनी २००१ साली, तिसऱ्या आवृत्तीत, सरहद्दी संस्कृतीच्या बळावर सरकू दिल्या आणि २००५च्या चौथ्या आवृत्तीत या विद्येला पुरती धार आणली. प्रस्तुत नियमावली त्या चौथ्या आवृत्तीस अनुसरून, आणि स्वतःस शांतताप्रिय म्हणवून घेणाऱ्या प्रस्तुत लेखकासारख्या हावऱ्या माणसांच्या उपयोगार्थ, सिद्ध केली आहे.

नियम पहिला : नगर वसविताच स्मारक उभारावे. नूतन नगराच्या कब्जात सभोवारचे आठच चौकोन असतात. संस्कृतीचे १० गुण साठले म्हणजे हद्द रुंदावते आणि मधल्या चौकोनासह २१ चौकोन कसावयास मिळतात. स्मारक दर फेरीस एकच गुण देते. ज्या राज्यकर्त्याच्या अंगी ‘क्रिएटिव्ह’ हा गुण जन्मतःच असतो त्यास मात्र प्रत्येक नगरात, काडीचेही काम न करता, दर फेरीस दोन मिळतात. आपल्या अशोकाच्या किंवा गांधींच्या अंगी तो नाही. रशियाच्या कॅथरीनबाईंच्या अंगी आहे. बाईंविषयी पुढे बोलावेच लागेल.

नियम दुसरा : हद्दीचे पुढील टप्पे १००, ५००, ५,००० आणि ५०,००० गुणांवर येतात. हे आकडे सामान्य गतीच्या खेळाचे होत.

नियम तिसरा : जे बांधावयाचे ते प्राचीन काळीच बांधून ठेवावे. कारण वास्तूस १,००० वर्षे झाली की तिच्यापासून मिळणारी संस्कृती दुप्पट होते, आणि प्रारंभी एकेक फेरी ४० वर्षांची असल्यामुळे हे सहस्रक अवघ्या २५ फेऱ्यांत उलटते. उलट, जो आळशी राजा विसाव्या शतकात देऊळ बांधावयास घेतो, त्याच्या देवळास हा मान खेळ संपेपर्यंत मिळत नाही. तेव्हा आरंभी देवळे, ग्रंथालये, नाट्यगृहे, जे हाती येईल ते उभारावे, आणि शेजाऱ्याने विचारलेच तर विद्येची आवड असल्याचे सांगावे.

नियम चौथा, जो सर्वांत महत्त्वाचा आणि लिहिताना सर्वांत जास्त संताप आणणारा आहे : सरहद्दीवरील प्रत्येक चौकोनाचा स्वतंत्र हिशेब राहतो, आणि त्यावर ज्याची साठलेली संस्कृती अधिक, त्याच्या नावे तो चढतो. तेथे तुमचे सैन्य उभे आहे, खाण तुमच्या मजुरांनी खणली आहे, रस्ता तुमच्या खर्चाने झाला आहे, या वहिवाटीस कोणी हिंग लावून विचारीत नाही. एके सकाळी लोखंडाची खाण जागच्या जागी असते आणि तिच्यावर कॅथरीनबाईंचा रंग चढलेला असतो! आणि वर बाईंचाच रुसवा : आपल्याविषयीच्या त्यांच्या मताचा तपशील उघडून पाहावा, तर सरहद्दी फार जवळ आल्याबद्दल ऋण गुण आपल्याच खात्यावर टाकलेले. सरहद्दी जवळ आणल्या कोणी?

नियम पाचवा : थोर कलावंत जन्मास आल्यास त्याला राजधानीत लाडावून ठेवू नये, सीमेवरच्या नगरात नेऊन त्याच्या हातून महान कलाकृती निर्माण करवावी. एका दमात ४,००० गुण पदरात पडतात. कलेचा हा उपयोग अभिरुचिसंपन्न वाचकांना रुचणार नाही, पण शेजाऱ्याची द्राक्षे रुचतात.

नियम सहावा : सीमेवरच्या नगरात शिबंदी भरपूर ठेवावी, तिच्यामुळे शेजाऱ्याच्या संस्कृतीच्या ओढीने होणाऱ्या बंडाचा संभव घटतो. तरीही एकदा बंड झाले तर ते शमले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पुढच्या बंडात नगरच पलीकडे जाऊ शकते. तिसऱ्या आवृत्तीत तर ते आतल्या फौजेसकट गडप होत असे. त्या मानाने ही सुधारणाच म्हणावयाची.

आता, कॅथरीनबाई लगतच्या शेजारी निघाल्या तर काय करावे? वरील नियम गुंडाळून ठेवावेत आणि लवकरात लवकर कॅटपल्ट बनवावयास घ्यावेत. मात्र बाईंचे एकच नगर घेऊन थांबू नये. मागच्या नगरांची संस्कृती जिंकलेल्या नगरास चहूबाजूंनी आवळते, कसावयास जमीन उरत नाही आणि रयत उपाशी राहते. घ्यावयाची तर ओळीने तीन-चार घ्यावीत.