पेरभर उंचीची पलटण

आमच्या घरात सध्या ९६ माणसं जास्तीची राहतात. ती जेवत नाहीत, आंघोळीला पाणी मागत नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवत नाहीत. म्हणून बायकोने त्यांना कपाटाचा खालचा कप्पा देऊन टाकला आहे. पूर्वी तिथे पापडाचे डबे असायचे. प्रत्येकाची उंची २८ मिलिमीटर, म्हणजे बोटाचं एक पेर. डोक्याला फेटा, पायांना पट्ट्या, हातात दात कोरायच्या काडीची बंदूक. गल्लीत कुणाकडे पाहुणा आला की त्याला आमच्याकडे आणून दाखवतात. "गुरुजी रिटायर झाल्यापासून हे करतेत," असं सांगताना आवाज जरा खाली येतो, जसा आजारी माणसाच्या खोलीत येतो.

दासोपंतांनी ज्या अंबाजोगाईत अख्ख्या पासोडीवर अध्यात्म लिहून काढलं, त्या गावात एका माणसाने चौरंगावर लढाई मांडली तर एवढं काय, असं मी स्वतःला समजावतो. शिवाय हा नाद माझा एकट्याचा नाही. एच. जी. वेल्ससारख्या नामांकित लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून, जमिनीवर लोळत खेळण्यातल्या शिपायांशी लढायचे नियम छापले होते. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं, आणि हे युद्ध युद्धांचाच शेवट करील, असं याच वेल्सने लिहिलं. एकूण पाहता त्याचा अभ्यास खेळातल्या युद्धाचा जास्त पक्का होता.

फासे, टेप आणि नियमांची वही घेऊन हा खेळ जगभर चालतो. कुणी नेपोलियन मांडतं, कुणी पानिपत. मला भुरळ पडली ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळाची. १९१९चं अफगाण युद्ध, वझिरिस्तानातल्या मोहिमा, मोरोक्कोतलं रिफचं बंड, १९२०चा इराकमधला उठाव. त्या वीस वर्षांत उंट आणि विमान, तलवार आणि मशीनगन, घोडा आणि चिलखती मोटार एकाच मैदानात भेटत होते. आमच्या बसस्टँडसमोर बैलगाडी, ट्रॅव्हल्स आणि ई-रिक्षा जशा भेटतात, तसंच.

पण परक्या राजाच्या लढाया बीड जिल्ह्यात बसून का मांडायच्या? त्याला कारण आहे. निजामाच्या राज्यात आमच्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. कंटिन्जंट म्हणजे निजामाच्या नावाची, इंग्रजांच्या हुकुमाची आणि वऱ्हाडच्या पैशाची फौज. खर्च थकला म्हणून १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाडच ताब्यात घेतलं. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली आणि तिच्या सहाव्या पायदळ पलटणीचं नाव ९९वी डेक्कन इन्फंट्री झालं. ही ९९वी १९२०च्या उठावात इराकमध्ये होती. ११४वी मराठा पलटणही होती, आणि तिचे शिपाई रुमैथा नावाच्या गावात जुलैतले जवळजवळ तीन आठवडे वेढ्यात अडकले होते.

कंटिन्जंटच्या पायदळाचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. १९२२च्या फेररचनेत ते १९वी हैदराबाद रेजिमेंट झालं आणि २७ ऑक्टोबर १९४५ला त्याचं नाव पडलं कुमाऊँ रेजिमेंट. आज तिचं केंद्र रानीखेतला, हिमालयात आहे. लांब बदली झालेल्या मास्तरासारखं झालं. गेले ते तिकडचेच झाले.

तर मी ९९वी आणि ११४वी करायला घेतली. एम-सील, तार, शाडू, शून्य नंबरचा ब्रश आणि भिंग एवढं सामान. पहिली अडचण खाकीची. खाक म्हणजे धूळ, हे आम्हाला फारसीच्या शिक्षकाने सांगायची गरज नाही. मे महिन्यात दारात उभं राहिलं की कळतं. पण त्या काळचे फोटो काळे-पांढरे. त्यांतली खाकी पिवळसर, हिरवट की मातकट, कोण सांगणार? निवृत्त शिक्षकांच्या सहलीबरोबर दिल्लीला गेलो, तेव्हा सगळे तीन मूर्ती भवनात नेहरूंची खोली बघायला गेले आणि मी बाहेरच्या चौकात थांबलो. त्या चौकातले तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या लान्सर्सचे. १९२२ साली बसवलेले, लेनर्ड जेनिंग्जने घडवलेले. म्हणजे नेमका माझा काळ, वर आमचं संस्थान. मी पुतळ्यांच्या पायांतल्या पट्ट्यांकडे इतका वेळ बघत राहिलो की पोलिसाने गाव विचारलं. घडी, पट्टा, बूट, सगळं टिपून घेतलं. मूर्ती पडल्या धातूच्या, त्यामुळे रंगाचा प्रश्न जसाच्या तसा.

शेवटी पिवळी माती, काळा आणि थोडा हिरवा असा अंदाजाने रंग केला. २० शिपाई वाळत घातले. दिवाळीच्या सुट्टीला पुण्याहून आलेला नातू ओळीसमोर उकिडवा बसला, नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, यांच्यातलं तिकीट कोण फाडतं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की अख्खी ९९वी पलटण एसटीच्या कंडक्टरच्या गणवेशात उभी होती.

दुसरी अडचण अंतराची. पाच फूट सहा इंचांचा माणूस २८ मिलिमीटरचा करायचा तर प्रमाण येतं ६०ला १. त्या वेळच्या .३०३ रायफलीच्या मोजपट्टीवर २००० यार्डांपर्यंतच्या खुणा. म्हणजे ६००० फूट. भागिले ६०, बरोबर १०० फूट. माझं रणांगण सहा बाय चार फुटांचं. हिशोबाने माझ्या शिपायाने बार काढला तर गोळी ओसरी ओलांडून, रस्ता पार करून, समोरच्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बायकांत जाऊन पडेल. म्हणून या खेळात सगळेच लबाडी करतात आणि रायफलीचा पल्ला दोन फुटांवर आणतात. गणित शिकवण्यात ३२ वर्षं घालवलेल्या माणसाला हे फार जड गेलं.

घोडदळाने मात्र सुख दिलं. कंटिन्जंटचं घोडदळ सिलादारी पद्धतीचं होतं. शिपायाने घोडा आपला आणायचा. सिलादार म्हणजे आपला शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. हे मराठी फौजांतले शब्द इंग्रजांनी उचलले आणि पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत मोडेपर्यंत वापरले. त्यांच्या पायदळातल्या हुद्द्यांची यादी वाचायला घेतली की मला शाळेचं हजेरीपुस्तकच आठवतं: नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. त्यातला जमादार कायम गैरहजर असायचा. माझे २० स्वार मात्र झाडून सारे बारगीर. एकाने घोडा आणलेला नाही. सगळे घोडे माझ्या पेन्शनीतून.

विरुद्ध बाजू करायचा कंटाळा आला होता. वेढा घालणारे अरब टोळीवाले म्हणून मी तात्पुरते चिंचोके मांडले. बायको केर काढता काढता थांबली.

"आपले कोण यांत?"

"हे खाकीवाले. आपल्याकडचे आहेत ना."

"आणि गाव कुणाचं?"

"चिंचोक्यांचं."

"म्हणजे ज्यांचा देश त्यांना चिंचोके, आणि दुसऱ्याच्या दारात बंदूक घेऊन गेलेल्यांना फेटे अन् बटणं?" असं म्हणून तिने केर पुढे लोटला. तीन चिंचोके त्यात गेले.

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दोन महिने खपून मी ४० अरब केले. जुन्या धोतराच्या चिंधीचे त्यांचे अंगरखे वाऱ्यावर उडाल्यासारखे दिसतात आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या कामात तेच सरस उतरलेत. गल्लीतल्या एका नव्वदीच्या आजोबांनी "हैदराबादची फौज" एवढंच ऐकलं आणि विचारलं, "रझाकार का?" मी नाही म्हणालो, ही त्यांच्या कितीतरी आधीची. ते बराच वेळ बघत बसले आणि चहा न घेता उठले. त्यांच्यासमोर मी तो कप्पा पुन्हा उघडला नाही.

खरा धडा मिळाला तो मुकादमाकडून. आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे मुकादम राहतात. चाळीस वर्षं त्यांनी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर नेल्या. बैलगाड्या, लेकरं, कोंबड्या, तवे, सगळा संसार घेऊन शे-दोनशे माणसं वेळेवर तळावर पोचवणं आणि उन्हाळ्यात परत आणणं, हे त्यांचं काम. ते एकदा वर्गणी मागायला आले आणि माझ्या सैन्यासमोर बसले.

"किती हायत?"

"९६."

"म्हंजी ४८ कोयते," ते म्हणाले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. "बैलं कुठायत?"

मी म्हणालो, बैल नाहीत, हे सैन्य आहे.

"मग पाणी कोन आनतंय ह्यांला? भाकरी कोन थापतंय? आजारी पडला तर कोन उचलतंय? गुरुजी, तुमची लढाई व्हायच्या आधीच मानसं मरतेत."

मी घाईघाईने पुस्तकं उघडली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे ८,७७,००० लढणारे भरती झाले होते आणि सुमारे ५,६३,००० न लढणारे: खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी, डोलीवाले, झाडूवाले. दर तीन बंदुकांमागे जवळजवळ दोन माणसं ओझ्याला. आणि माझ्या कपाटात ९६ बंदुका, ओझ्याला एकही नाही. मी पाहिलेल्या विकतच्या संचांतही हीच गत. नेम धरलेला शिपाई पाहिजे तितका मिळतो, कणीक मळणारा मिळत नाही.

मग सुरुवात पाणक्यापासून केली. फुग्याच्या तुकड्याची फुगीर पिशवी करून त्याच्या पाठीवर चिकटवली आणि ऐटीत मुकादमांना दाखवली: ही पखाल.

"पखाल म्हशीवर नाय तर बैलावर आसती," ते म्हणाले. "मानसाच्या पाठीवर ती मशक."

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, या म्हणीचा मी जन्मभर मुलांकडून वाक्यात उपयोग करवून घेतला. पखाल म्हशीच्याच पाठीवर असते म्हणून ती म्हण आहे, हे बासष्टाव्या वर्षी कळलं.

खेचरं काही मला जमेनात. चार केली, दोन सशासारखी झाली, दोन कुठल्याच प्राण्यासारखी नाहीत. बायकोने शाडूचा गोळा माझ्या हातातून काढून घेतला. "खेचरं मला येत नाहीत. बैल येतात." पोळ्याला घरचे मातीचे बैल ती लहानपणापासून करत आली आहे. आता फक्त पेराएवढे करायचे. आठवडाभर दुपारी बसून तिने ४० बैल केले. वशिंड, पोळी, वळलेली शिंगं, सगळं जागच्या जागी. माझे शिपाई त्यांच्याशेजारी फारच घाईत जन्मल्यासारखे दिसू लागले. इराकच्या मोहिमेत खिल्लारी वळणाचे बैल शोभत नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते बोलून दाखवायची हिंमत मात्र झाली नाही.

श्रावणात लढाई मांडली. रुमैथा म्हणून खोक्यांची घरं, खराट्याच्या काड्यांची खजुराची झाडं, दगडांच्या जागी सीताफळाच्या बिया. खऱ्या रुमैथाचा वेढा २० जुलैला उठला होता. मी सुटकेच्या फौजेचा सेनापती, मुकादम तिच्या सामानसुमानाचे प्रमुख, अरबांकडून फासे टाकायला बायको. मुकादमांनी आपला एक नियम घातला: ज्या दिवशी पाणी नाही, त्या दिवशी प्रत्येक गाडीमागे एक फासा, आणि एक पडला की बैल बसला. पहिल्याच दिवशी पाच बैल बसले. मी म्हणालो, बैल सोडा, पायदळ पुढे काढू. ते म्हणाले, पायदळ काढा, पण काडतुसं गाडीत हायत. मी घोडदळाने हल्ला करतो म्हणालो. ते म्हणाले, वैरण गाडीत हाय. शेवटी मी सेनापतीच्या आवाजात हुकूम सोडला, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "गाडीवानांला उचल किती दिली होती?" वहीत उचलीचा नियमच नव्हता. तो ठरवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तेवढ्यात बायकोच्या अरबांनी, फारसं न बोलता, रुमैथाकडे जाणारे रेल्वेचे रूळ उखडून नेले होते.

चौथ्या संध्याकाळी फौज रुमैथापासून दीड फुटावर आली आणि सकाळी उठून बघतो तर गाड्या आहेत, बैल नाहीत. देवघरात पाटावर ४० बैल ओळीने उभे. शिंगांना हिंगूळ, कपाळाला कुंकू, पुढे पुरणपोळीचा नैवेद्य. पोळा होता. माझ्या सैन्याची दळणवळण व्यवस्था धूप-दीप घेत होती.

संध्याकाळी मुकादम नवीन टोपी घालून आले. मी आशेने म्हटलं, आता पूजा झाली, जुंपू या का? वेढ्यातल्यांचं पाणी संपत आलंय.

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, एकदा पाटाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानंवर जू ठिवत्यात का, गुरुजी?"