गोदाम माळावर, टाकी स्कूटीवर

गॅसचे गोदाम गावाबाहेर असावे, असा दंडक आहे. गावाने गोदामाच्या बाहेर राहावे, असा मात्र कुठेच नाही. त्यामुळे परंड्यापासून उमरग्यापर्यंत गोदामाच्या स्थलांतराचा क्रम ठरलेला असतो. आधी माळावर गोदाम होते, मग तिथवर डांबरी सडक. सडकेच्या कडेला ‘एनए प्लॉट’ची पाटी लागते, गुंठ्याचा भाव वाढतो आणि गोदामाच्या कुंपणाला चिकटून कुणाची तरी वास्तुशांत होते. मग एका सकाळी रहिवाशांना गोदामाचा शोध लागतो. निवेदन, उपोषणाचा इशारा, पंचनामा. गोदाम पुढच्या माळावर जाते.

भीती खोटी नाही. हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला तर सखल जागी साचतो. म्हणूनच 100 किलोंपेक्षा जास्त साठ्याला परवाना लागतो. घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो, म्हणजे सात टाक्यांचे 99.4 किलो झाले. स्फोटाचा धोका आठव्या टाकीपासून सुरू होतो, असा याचा सरळ अर्थ.

स्थलांतराचा खरा विषय मात्र ‘घरपोच’ हा आहे. टाकीच्या दरातच ती घरी पोचवण्याचा खर्च धरलेला असतो. ग्राहकाने गोदामातून स्वतः टाकी उचलली, तर तेवढी रक्कम कमी करून द्यावी, असा नियम आहे. तो पाळलेला पाहणारा माणूस तालुक्यात सापडत नाही. गोदाम गावात होते तेव्हा गाडी गल्लीत यायची. ते माळावर गेले, तशी गाडी चौकात थांबू लागली, आणि पुढे-पुढे ‘लोड आहे, गोदामावरूनच घेऊन जा’ एवढाच निरोप येऊ लागला.

मग भरली की तीसेक किलोंची होणारी टाकी स्कूटीवर पायांच्या मध्ये उभी राहते, चालवणारा गुडघे फाकवून हँडल सांभाळतो आणि मागे बसलेली बायको पावती सांभाळते. टाकी खरोखर घरी पोचली याची खात्री म्हणून मोबाइलवर चार आकडी कोड येतो. तो दारात सांगायचा असतो. सांगितला जातो चौकात, कारण त्याशिवाय टाकी गाडीवरून खाली उतरत नाही. संगणकात नोंद होते: घरपोच. ज्या गाडीने गल्ली पाहिली नाही तिचे भाडे ग्राहकाने भरलेले, स्कूटीचे पेट्रोल त्याचेच, आणि उचलायला हात लावणाऱ्या पोराला चहापाणीही त्यानेच द्यायचे. 1 मे 2016 ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून शेगडी मिळालेली भूम-वाशीकडची बाई टाकीसाठी खुरपणीचा रोज बुडवते, वडापचे भाडे देते आणि वर पोचवण्याचे पैसेही भरते. गोदाम सुरक्षिततेसाठी हलवले म्हणे! सुरक्षित कोण झाले? हे गरिबाच्या चुलीवरून पैसे लाटणे आहे, आणि ते पावती देऊन चालते.

गाडीवर वजनकाटा ठेवून टाकी मोजून द्यावी, असाही नियम आहे. काटा विचारला की तो नेमका दुसऱ्या गाडीवर असतो.

तक्रारीची सोय आहे. लेखी तक्रार केली की ती निकाली निघते, आणि तक्रारदाराची पुढची टाकी थेट स्वयंपाकघरात येते, तीही हसतमुखाने. शेजाऱ्याची चौकातच उतरते.