पट्टा रस्त्याचा, ठिपके दाराला

पाऊस सरला की रस्त्यांवर पट्टे मारायची कामं निघतात. काळ्याभोर डांबरावर पांढराशुभ्र पट्टा उमटताना पाहिला की मला आजही बरं वाटतं. गेल्या आठवड्यात मात्र नेरूळच्या एका आतल्या रस्त्यावर रात्री वळण घेतलं आणि चाकाखाली चिकट आवाज आला. तिथे कोन नव्हते, पाटी नव्हती, झेंडा घेतलेला माणूसही नव्हता. सकाळी पाहिलं तर डाव्या दारांच्या खालच्या कडेला आणि मागच्या मडगार्डला पांढऱ्या ठिपक्यांची रांग, कडक वाळलेली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच मिनिटांत पाच सल्ले मिळाले. थिनर लावा, पेट्रोलने पुसा, ब्लेडने खरवडा, तारेच्या घासणीने घासा, नेलपॉलिश रिमूव्हर वापरा. देणाऱ्यांची माया खरी, पण पाचही सल्ले गाडीचं नुकसान करणारे आहेत.

का, ते समजून घ्या. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस बहुधा त्याहून जाड भरेल. रस्त्यावरचा वितळवून ओतलेला गरम पट्टा असतो अडीच मिलिमीटर, म्हणजे गाडीच्या त्या थराच्या पन्नासपट. घासाघाशीत आधी कोण झिजणार, हे सांगायला गॅरेजवाला लागत नाही. शिवाय रात्री दिव्याच्या उजेडात पट्टा चमकावा म्हणून त्यात आणि त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. वाळलेला ठिपका फडक्याने रगडणं म्हणजे ती काच दारावर फिरवणं. डाग जाईल आणि त्याच्या जागी ओरखड्यांचं जाळं राहील.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर रंग विरघळवण्यासाठीच बनवलेले असतात. रस्त्याचा रंग कुठला आणि गाडीचा कुठला, हे त्यांना कळत नाही. प्लॅस्टिकचा बंपर आणि हेडलाइटची काच त्यांनी कायमची धुरकट होऊ शकते. पेट्रोल तर आग लागण्याचा धोका, बंद पार्किंगमध्ये त्याचं नावही नको.

मग करायचं काय? आधी धीर धरायचा.

ठिपके ओले असतील तर त्याच दिवशी वॉशिंग सेंटर गाठा आणि जोराच्या पाण्याने, विशेषतः चाकांच्या कमानी, धुऊन घ्या. या घाईला पर्याय नाही. पाण्यातला रंग असेल तर पहिल्या काही तासांत बराचसा सुटतो.

वाळलाच असेल तर आधी गाडी धुऊन धूळ काढा. सावलीत उभी करा, पत्रा गार होऊ द्या. ठिपक्यांवर पेट्रोलियम जेलीचा जाड लेप द्या आणि रात्रभर तसाच ठेवा. नाहीतर डब्ल्यूडी-४० फवारून तासभर थांबा. आधी कुठेतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा. मग मऊ मायक्रोफायबरने हलकेच उचला, रगडू नका. फडक्याची घडी दर वेळी बदला, कारण सुटलेले मणी त्याच फडक्यात अडकतात. एकदा निघाला नाही तर दुसऱ्यांदा लेप द्या, तिसऱ्यांदाही द्या. उरलासुरला खरखरीतपणा डिटेलिंगच्या दुकानात मिळणाऱ्या क्ले बारने, भरपूर शॅम्पूच्या पाण्यात भिजवून काढा. शेवटी धुऊन वॅक्स लावा, कारण डागाबरोबर आधीचं वॅक्सही निघून गेलेलं असतं.

गरम पट्ट्याचा तुकडा चिकटला असेल तर गोष्ट वेगळी. तो रंगापेक्षा मेणासारखा वागतो, उष्णतेने मऊ होतो. हेअर ड्रायरची माफक ऊब द्या आणि प्लॅस्टिकच्या पातीने कडेपासून उचला. जुनं क्रेडिट कार्ड चालतं. लोखंडी पाती नको.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तेलकट फवारा ब्रेकच्या चकतीवर आणि टायरच्या नक्षीवर उडू देऊ नका. दाराचा डाग जीव घेत नाही, न लागलेला ब्रेक घेतो. टायरला लागलेला रंग चार दिवस गाडी चालवली की आपोआप झिजतो.

माझी गाडी दोन रात्रींत स्वच्छ झाली. राग मात्र उरला, आणि तो डागाचा नाही, कोन न लावण्याचा आहे.

गरम पट्टा साधारण दोनशे अंश सेल्सिअसला वितळवून ओततात. तो काही मिनिटांत घट्ट होतो. थंड रंगाला जास्त वेळ लागतो, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पाण्यातला रंग आणखी रेंगाळतो. तेवढा वेळ कोन उभे ठेवायचे. इंडियन रोड्स काँग्रेसने पट्ट्यांसाठी आयआरसी:३५ ही संहिता केली आहे, आणि काम सुरू असलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी सांभाळायची यासाठी एसपी:५५ ही मार्गदर्शिका. नियम छापील आहेत. कोन, मराठीत ‘रंग ओला आहे’ अशी पाटी आणि झेंडा धरणारा एक माणूस, एवढंच हवं. ज्या कामावर हे नसेल त्याचं बिल मंजूर होऊ नये, असं मी साफ म्हणतो. आणि ज्याच्या गाडीवर डाग उडाला त्याने जागा, वेळ आणि फोटोसह लेखी तक्रार करावी.

पण कोन लावलेले असताना दोन कोनांमधून गाडी घुसवणारे आपणच आहोत. पाम बीच रोडवर असो की ठाणे-बेलापूर रस्त्यावर, त्या कोनांच्या पलीकडे पन्नाशीतला एखादा मजूर उकळत्या मिश्रणाचं यंत्र ढकलत असतो, पाठीमागून येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून. आपण वाचवतो तीस सेकंद. त्याच्या पायाशी दोनशे अंशांचं मिश्रण असतं.

परवा त्याच वळणावर पुन्हा गेलो, दिवसा. माझ्या चाकाने उचललेला रंग पुढे दहा पावलांपर्यंत फरपटत गेला होता आणि मूळ पट्ट्याला तेवढाच खड्डा पडला होता. मी दाराच्या डागासाठी दोन रात्री खर्च केल्या, त्या पट्ट्यासाठी कुणी करणार नाही. जुलैच्या धो धो रात्री, समोरचं काही दिसत नसताना, स्कूटरवरच्या कुणाला तरी रस्त्याची कड दाखवायला तोच पट्टा असणार आहे, आणि नेमका तिथे तो तुटलेला असेल.

माझ्या गाडीवरचा डाग मी पुसला. रस्त्यावर मी केलेला डाग पुसायचा अर्ज आज दिला आहे: पट्टा पुन्हा मारा, आणि या वेळी वाळेपर्यंत कोन उभे ठेवा.