चार हजार पाचशे वॉनची माया

सोलच्या मेट्रोत सकाळी आठच्या गर्दीत, एका हातानं कडी धरून, मोबाइलकडे बघत गालातल्या गालात हसणारी चौतिशीची बाई दिसली तर ती प्रेमात पडलीय असं समजू नका. तिला नुकताच निरोप आलाय : "नूना, जेवलीस का?" नूना म्हणजे मुलानं थोरल्या बहिणीला मारायची हाक. निरोप धाडणारा मुलगा चोवीस वर्षांचा, एका के-पॉप आयडॉल ग्रुपमधला, दर गाण्यागणिक केसांचा रंग बदलणारा. हाच निरोप त्याच क्षणी आणखी हजारो बायकांच्या मोबाइलवर वाजलाय, हे नूनाला पक्कं ठाऊक आहे. ती योइदोतल्या एका विमा कंपनीत क्लेम तपासते. बनवाबनवी ओळखण्याचाच ती पगार घेते. तरीही ती लगेच उत्तर लिहिते : "जेवले. तू जेवलास का? काल फार बारीक दिसलास."

ही सोय 'बबल' नावाच्या ॲपची. ते 2020 मध्ये आलं, तेव्हा एका कलाकारामागे महिना 4,500 वॉन पडायचे, म्हणजे आपले तीनशेच्या आसपास रुपये. समोर दिसतं ते अगदी दोघांच्या खासगी गप्पांसारखं. इतर बायकांची उत्तरं नूनाला दिसत नाहीत. त्याच्याकडे मात्र ती लोंढ्यानं येऊन आदळतात. तो नावाच्या जागी नुसती खूण टाकतो आणि तिथं प्रत्येकीला तिनं स्वतः भरलेलं नाव उमटलेलं दिसतं. नूनाच्या एका मैत्रिणीनं, दिवसभर वरिष्ठांची बोलणी खाऊन वैतागल्यामुळे, तिथं 'साहेब' असं भरलंय. तिला रोज रात्री एक देखणा पोरगा विचारतो, "साहेब, आज खूप दमलीस का?" तेवढ्यावर ती दुसऱ्या दिवशी कामाला जाते.

ॲपचा खरा कावा पुढे आहे. नव्या सभासदाला उत्तर अगदी मोजक्या अक्षरांत उरकावं लागतं. वर्गणी अखंड चालू राहिली की अक्षरं वाढत जातात. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मध्यंतरी नूनाचं मन त्याच्यावरून जरा उडालं होतं, पण मन उडालं म्हणून कोणी सेवाज्येष्ठता सोडतं का? आता तिला ऐसपैस लिहिता येतं. गुडघ्याला शेक कसा द्यावा, हे ती त्याला एका दमात सांगू शकते. तो वाचतो की नाही, या प्रश्नावर ती क्लेम तपासनिसाच्या कोरडेपणानं म्हणते, "पुरावा नाही. पण नंतर तो लंगडताना दिसला नाही."

1956 मध्ये हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी जुळणाऱ्या या एकतर्फी ओळखीला पॅरासोशल असं नाव दिलं. त्यांच्या लेखात रेडिओवरची एक बाई आहे. ती प्रत्येक श्रोत्याला तो एकटाच ऐकतोय अशा थाटात लाडीगोडी लावायची. म्हणजे युक्ती जुनीच. कोरियानं तिला फक्त मासिक वर्गणी लावली.

पण नूनाला नुसती भोळीभाबडी समजाल तर फसाल. तिचा थाट भक्ताचा नाही, कारभाऱ्याचा आहे. नवं गाणं आलं की ती ते ऐकत नाही, 'वाजवते'. मेलॉन या गाण्यांच्या ॲपच्या यादीत वर चढावं म्हणून रात्रभर, आवाज अगदी बारीक करून. त्याच्या वाढदिवसाला होंगदे भागातला एक कॅफे दोन दिवस भाड्यानं घेते, त्याच्या फोटोची कागदी कप-वेष्टणं छापते, भिंतीभर त्याचे बाळपणीचे फोटो लावते. ज्याचा वाढदिवस तो सोडून सगळे येतात. कॉफी प्यायल्याशिवाय वेष्टण मिळत नाही आणि त्याच दिवशी आसपास असे आणखी चार कॅफे असतात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत बायकांचे हात थरथरायला लागतात आणि ते प्रेमानं थरथरतात असा समज पसरतो.

घरात सीडी वाजवायचं यंत्र नाही. सीड्यांचे खोके मात्र पलंगाखाली, पलंगावर आणि हल्ली पलंगाऐवजी आहेत. प्रत्येक अल्बमात एखाद-दुसरं फोटोकार्ड निघतं, पण कुणाचं ते फोडल्याशिवाय कळत नाही. 2010 मध्ये गर्ल्स जनरेशन या ग्रुपच्या अल्बमात अशी कार्डं घातली गेली, तेव्हापासून हा जुगार सभ्य घरांत शिरला. नूनाचं लाडकं कार्ड कडक प्लास्टिकच्या पाकिटात असतं. हॉटेलात जेवण आलं की आधी ते ताटाजवळ धरून फोटो काढायचा, मगच चमच्याला हात लावायचा. याला तिथं 'शिष्टाचाराचा फोटो' म्हणतात. समोर बसलेल्या जिवंत माणसाचं सूप निवतं. नूनाचं लग्न जमवायला निघालेल्या मावशीनं आणलेली दोन स्थळं या सुपातच बुडाली.

शिवाय प्रत्येक अल्बम म्हणजे फॅनसाइनच्या, म्हणजे सही-भेटीच्या, सोडतीतली एक चिठ्ठी. एकदा नंबर लागला. टेबलापलीकडे तो, अलीकडे ती, मिळणार मिनिट-दीड मिनिट. तिनं भाषण पाठ केलं होतं : तुझ्या गाण्यानं मला वाईट दिवसांत कसं तारलं वगैरे. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "तुला मोजे आणलेत. लोकरीचे आहेत, गरम पाण्यात धुऊ नकोस." तो गोड हसला आणि म्हणाला, "नूना, जेवलीस का?" मागच्या माणसानं तिला पुढं सरकवलं. तो क्षण ती अजून कारणासहित उलगडून सांगते : हजारोंना लिहिलेलं वेगळं आणि तोंडावर विचारलेलं वेगळं. इथं मात्र मला तिच्याशी भांडवत नाही.

प्रेमप्रकरणांबाबत तिचं धोरण हुबेहूब सासूचं आहे. त्यानं मुलगी शोधावी, जरूर शोधावी. हीच का, आताच का, आणि दोघांच्या मनगटात सारखी ब्रेसलेटं कशाला, एवढंच तिचं म्हणणं. 2024 च्या फेब्रुवारीअखेर एस्पा ग्रुपची करिना आणि अभिनेता ली जे-वूक यांचं जमल्याची बातमी फुटली. काही चाहत्यांनी चक्क ट्रक भाड्यानं घेतला आणि त्यावरच्या झगमगत्या पाटीवरून, आमचं प्रेम तुला कमी पडलं का, असा जाब कंपनीच्या दारात विचारला. करिनानं हातानं माफीपत्र लिहिलं. पाचेक आठवड्यांत ते जमलेलं मोडलंही. नूनाला ट्रक अतिरेकी वाटला. माफीपत्र मात्र तिनं तीनदा वाचलं आणि "अक्षर चांगलं आहे" असा शेरा मारला. नावगाव ठाऊक नसलेल्या माणसांची हातानं लिहून माफी मागायची, यात काही विचित्र आहे असं तिला वाटलंच नाही.

बरं, दुसऱ्यांच्या मुलांवरही तिची माया आहे. 2023 च्या जूनमध्ये बीटीएस ग्रुपचा जंगकूक थेट प्रक्षेपण चालू ठेवून झोपी गेला आणि लाखो लोक त्याला झोपलेलं बघत राहिले. नूना त्याची चाहती नव्हे. पण तिनंही स्वतःच्या घरातला टीव्ही बारीक केला. पुढल्या वर्षी त्याच ग्रुपचा जिन लष्करातून सुटला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं हजार चाहत्यांना मिठ्या मारल्या, तेव्हा ती हळहळली : "अठरा महिने कवायत केलेला पोरगा, त्याला निदान खुर्ची तरी द्यायची."

तिच्या या संसारावर वर्षानुवर्षं तोंडसुख घेत आली ती तिची आई. 2020 च्या मार्चमध्ये 'मिस्टर ट्रॉट' स्पर्धा जिंकून लिम यंग-वूंग घरोघरी पोचला आणि आईचा आवाज बंद झाला. ट्रॉट म्हणजे तिकडचं जुन्या वळणाचं, काळजाला हात घालणारं गाणं. पहिल्यांदा फिकट निळी टोपी आली, मग फिकट निळी पिशवी, मग जाकीट. तो त्याच्या चाहत्यांचा रंग. मग उलगडलं की 1980 च्या दशकात गायक चो योंग-पिलच्या नावानं किंचाळणाऱ्या पोरींच्या फौजेत आईसुद्धा होती. हे बाबांना आजवर ठाऊक नव्हतं.

आता लिमच्या तिकिटांची जबाबदारी नूनावर. आईबापांसाठी पोरांनी तिकिटं काढणं हे तिथं मातृपितृभक्तीचं नवं रूप आहे. इंटरनेट वेगवान म्हणून ती पीसी-बांगमध्ये, म्हणजे तिथल्या सायबर कॅफेत, गेम खेळणाऱ्या पोरांच्या मधोमध बसते. तरी रांगेत तिच्यापुढे हजारो सुपुत्र असतातच. मागच्या खेपेला तिकीट हुकलं. हात हलवत घरी आलेली नूना चिडून म्हणाली, "आई, अगं त्याला तू कोण आहेस हेसुद्धा माहीत नाही!"

आई डब्यात किमची दाबून भरत होती, लेकीनंच फोन करून मागितलेली.

"तेच बरं आहे," ती म्हणाली. "ज्यांना माहीत आहे ते किमची संपली की फोन करतात. पुढच्या वेळी दोन तिकिटं काढ. स्टेजजवळची."