अचलपूर की परतवाडा?

मेळघाटातल्या धारणीला बदली झाली की कर्मचाऱ्यापुढं पहिला गहन प्रश्न उभा राहतो: घर अचलपुरात घ्यावं की परतवाड्यात? धारणीत खोली कुठं मिळेल असं विचारणाऱ्याकडं लोक काळजीनं पाहतात.

अचलपूरला इतिहास आहे. इमादशाहीची राजधानी, हौज कटोरा. शकुंतला रेल्वेचं शेवटचं स्टेशनही आहे, गाडी तेवढी नाही. परतवाडा म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी. तिथं बाजार, लाकडाचे डेपो आणि मुख्य म्हणजे धारणीची एसटी. नगरपालिका दोघांची एकच, त्यामुळं तक्रार कुठूनही केली तरी टेबल तेच.

"परतवाडाच घ्या ना बापा," जुनेजाणते सांगतात, "सकायची गाडी सापडते." मग सेमाडोह, हरिसाल करत घाटातून डुलत जायचं. हरिसाल 2016 साली डिजिटल गाव म्हणून गाजलं होतं. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, ऑनलाइन राहण्याची कल्पना बहुधा तिथंच बसमध्ये सुचली असावी.

घरभाडे भत्ता मात्र मुख्यालयी राहणाऱ्यालाच. गुरुजींना तर 2019 च्या शासन निर्णयानुसार त्यासाठी ग्रामसभेचा ठरावही लागतो. ठराव होतो. त्यात गुरुजी गावातच राहतात, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून वर्ग वेळेआधी सुटतो. कोरकू पोरं बाराही महिने मुख्यालयीच असतात, त्यांच्यासाठी भत्त्याची तरतूद दिसत नाही.

हल्ली तर अचलपूर-परतवाडा हा वादही मागं पडतोय. लेकरांच्या शिकवणीसाठी म्हणे थेट अमरावतीच बरी.