आधी साचेखातं उघडा

मुंबईच्या गिरणगावाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तिथे जातपात नव्हती, सगळे फक्त कामगार होते.’ बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण वाक्य खरं नाही, आणि खोट्या आठवणीवर एकी उभी राहत नाही.

साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, मजुरी बरी मिळायची. तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. मागाच्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावं लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आपलं लावायला इतर साचेवाले तयार नव्हते. मालकाला हा नियम करावाच लागला नाही. कामगारांनी तो केला, मालकाने निमूट चालू दिला. दिवसभर एकाच भोंग्यावर चालणारी माणसं सुताच्या एका टोकाशी येऊन वेगळी झाली.

१९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार जवळपास सहा महिने संपावर होते. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक सांगितलं : साचेखातं आमच्या माणसांना खुलं करा, ही मागणीही यादीत घ्या. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीने. मालकांनी लगेच बोट दाखवलं : हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. मालकाला असं उत्तर देण्याची सोय कामगारांनीच करून दिली होती. पुढच्याच वर्षी पुन्हा संप झाला, तेव्हा आंबेडकर त्याच्या विरोधात उभे राहिले.

त्यांना एकी नको होती, असं म्हणणाऱ्यांनी १९३८ साल पाहावं. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून संपात उतरले. एकी होते. फक्त ती बरोबरीच्या माणसांत होते.

आज गिरण्या गेल्या, साचेखातं राहिलं. शहराचा कचरा उचलणारा कंत्राटी कामगार बहुतेक वेळा दलित असतो. त्याच गाडीवरचा कायम कामगार त्याच्याहून कितीतरी जास्त पगार घेतो, आणि कायम कामगारांच्या संघटनेत कंत्राटी कामगाराला जागा नसते. मुंबईत अशा २,७०० सफाई कामगारांना कायम होण्यासाठी वेगळी संघटना बांधून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. बांधकामावर बिहारचा मजूर कमी रोजावर राबतो, तेव्हा नाक्यावरचा आपला माणूस त्याच्यावर चिडतो. रोज कोणी पाडला? ठेकेदाराने. शिव्या कोणाला? भैयाला. मुसलमान कारागिराला खोली नाकारणारा चाळकरी स्वतःही भाडेकरूच असतो.

‘आधी पोटाचा प्रश्न, जातीधर्माचं नंतर बघू’ हा सल्ला नेहमी ज्याचं पोट थोडं भरलेलं आहे तोच देतो. ज्याला जातीमुळे कमी पगाराचं काम मिळतं त्याचा जातीचा प्रश्न हाच पोटाचा प्रश्न आहे. तो बोलला की फूट पडते, हे म्हणणं साफ चूक आहे. फूट आधीच पडलेली असते, तो ती फक्त दाखवतो.

म्हणून या १ मे रोजी झेंडा लावणाऱ्या प्रत्येक संघटनेला एकच मागणं आहे. मागणीपत्रात सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाची मागणी पहिली लिहा : कंत्राटी सफाईवाल्याची, परप्रांतीय बिगाऱ्याची, घरकाम करणाऱ्या बाईची. ती मान्य होईपर्यंत आपल्या पगारवाढीवर सही करू नका. एवढं करून दाखवा, मग ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ ही घोषणा खुशाल द्या.