वेडाची बाजू

‘वेड’ चित्रपट लागला तेव्हा फलटणच्या एसटी स्टँडबाहेर चहा पिताना एका मित्राने मला हिशेब समजावला. गोष्ट 2019 च्या तेलुगू ‘मजिली’ची. साउथचे पिक्चर हिंदीत करून घरबसल्या बघायला मिळतात. मग तीच गोष्ट मराठीत पुन्हा करायला कोट्यवधी रुपये घालायचे आणि आपण तिकीट काढून ती बघायची, हा वेडेपणा कशासाठी?

हिशेबात चूक नव्हती. तरी मी त्या वेडेपणाच्या बाजूचा आहे, आणि हे मी अगदी मनापासून लिहितो आहे.

‘वेड’ करणाऱ्या रितेश आणि जिनिलिया देशमुख यांच्याकडेच बघा. 2003 साली दोघांचा पहिला चित्रपट आला, ‘तुझे मेरी कसम’. ती गोष्ट मल्याळम ‘निरम’ची. तिथून ती तेलुगूत ‘नुव्वे कावाली’ झाली आणि मग हिंदीत आली. पुढे जिनिलियाने 2006 च्या तेलुगू ‘बोम्मरिल्लु’त हासिनी केली आणि 2008 मध्ये तमिळ ‘संतोष सुब्रमण्यम’मध्ये पुन्हा तीच हासिनी केली. वडिलांच्या धाकात वाढलेला मुलगा, त्याला मोकळं करणारी बडबडी मुलगी आणि वडिलांच्या भूमिकेत दोन्हीकडे प्रकाश राज. एकदा जमलेलं काम दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून करायला कोण धजतो? जिनिलियाने ते केलं आणि तमिळ प्रेक्षकाने ते आपलं मानलं. रितेश आणि जिनिलिया हे नवरा-बायको 30 डिसेंबर 2022 ला ‘वेड’ घेऊन आले. रितेशचं हे पहिलं दिग्दर्शन आणि संगीत अजय-अतुल यांचं.

आता माझ्या घरातलं सांगतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दुपारी टीव्हीवर हिंदी केलेला साउथचा पिक्चर असतो. पडद्यावर बाप-लेक भांडतात, आई नातीला विचारते, “काय म्हणाला गं तो?” नात तीन वाक्यांतलं एक सांगते. आई रडते, पण उशिरा. तोवर पडद्यावर मारामारी सुरू झालेली असते. ‘वेड’ टीव्हीवर लागला तेव्हा ती लसूण सोलत होती. अशोक सराफ दिसले तशी म्हणाली, “मामा थकले गं.” नवरा जुन्या प्रेमाच्या दुःखात बुडालेला आणि बायको मुकाट्याने त्याचं सगळं सोसते, हे बघता बघता तिचा हात थांबला. ताटातला अर्धा लसूण तसाच राहिला. मग मोठ्याने म्हणाली, “अगं, ठेवून दे की त्याला एक!”

त्या बायकोचं इतकं सोसणं मलाही पटलेलं नाही. पण आईला हे सुनवावंसं वाटलं, कारण समोरची बाई तिच्या भाषेत बोलत होती. हिंदीतल्या बाईची तिला दया यायची. हिच्याशी ती भांडली. रिमेक करणाऱ्याचा सगळा खर्च मला त्या एका वाक्यात वसूल झालेला दिसला.

आणि या वेडाला आपल्याकडे घराणं आहे. सांगली इथून लांब नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ बघून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं, असं काही आपल्या भाषेत व्हावं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं केलं आणि तिथून आपण मराठी रंगभूमी मोजतो. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचा ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या फ्रेंचमधून मर्फीच्या इंग्रजीत आणि तिथून मराठीत आला. त्यातल्या फाल्गुनरावाला आज कोणी परका म्हणेल का? दर आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणला मुक्काम करते. संस्कृतातली गीता असताना मराठीत ती पुन्हा कशाला, असं ज्ञानेश्वरांनी म्हटलं असतं तर आज या रस्त्यावर वारकरी कोणाच्या ओव्या म्हणत चालले असते? सिनेमाची तुलना मी ज्ञानेश्वरीशी करत नाही. पण दुसऱ्या भाषेतलं आपल्या माणसाला आपल्या बोलीत द्यावं, ही ओढ तीच आहे.

ही देवघेव एका बाजूची नाही. आपला 2016 चा ‘सैराट’ कन्नड, उडिया, पंजाबी, बंगाली आणि हिंदीत गेला. कन्नडमध्ये तर रिंकू राजगुरूच पुन्हा नायिका झाली. करमाळ्याच्या मातीतली गोष्ट एवढ्या जणांना आपल्या भाषेत सांगावीशी वाटली, याचा मला अभिमान आहे.

मूळ चित्रपट समोर ठेवून शॉटला शॉट उतरवून काढणं मात्र मला मान्य नाही. त्यात कष्ट वाचतात आणि भाषेच्या हाती काही लागत नाही. घर, जेवण, शिवी, लाड, सासऱ्याने जावयाशी बोलायची तऱ्हा, हे सगळं नव्याने लिहावं लागतं.

म्हणून निर्मात्यांना विनंती आहे. तमिळ-तेलुगूतली चांगली गोष्ट दिसली, तर ती मराठीत करा, नीट करा. आणि फलटणकरांनो, असा चित्रपट लागला की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन जा. अर्थ सांगत बसावं लागणार नाही.